निरंक

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दरवर्षी एक तक्ता येतो. विशेष गरजा असलेली मुलं किती, कोणाला दिसायला कमी, कोणाला ऐकायला कमी, कोणाचं लक्ष लागत नाही, असे त्यात रकाने असतात. खाली सही आणि शिक्का. मी अठरा वर्षं सेनगाव तालुक्यात मास्तरकी करतो आहे आणि अठरा वर्षं त्या तक्त्यात एकच शब्द लिहीत आलो आहे: निरंक. म्हणजे असं कोणी नाही, विषय संपला. आकडा लिहिला की मागून कागद येतात. नाव कळवा, पालकांची संमती घ्या, शिबिराला घेऊन या, फोटो पाठवा. निरंक लिहिलं की कोणी काही विचारत नाही. हे कोणी शिकवावं लागत नाही, नोकरीत शिरल्यावर दोन-तीन महिन्यांत आपोआप अंगवळणी पडतं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचं आहे ते वाचून मला कोणी बिचारा बाप समजू नये.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत. हिंगोलीतल्या एका खासगी शाळेत जाते. झेडपीचा मास्तर आणि पोरगी खासगीत, हा टोमणा मी इतक्यांदा ऐकला आहे की आता तो मारणाऱ्यालाच कंटाळा येत असेल. तर ही मुलगी बसत नाही. जेवताना घास तोंडात आणि पाय अंगणात. नळ सोडते आणि विसरते. शाळेतून एका पायात बूट घालून घरी येते, आणि दुसरा कुठं गेला हे तिला खरोखर माहीत नसतं. प्रश्न विचारते आणि उत्तर द्यायला आपण तोंड उघडेपर्यंत शेजारच्यांच्या गच्चीवर पोचलेली असते. ढ मात्र नाही. एसटीच्या पाट्या ती शाळेत जायच्या आधीपासून वाचते. पण वहीत चार ओळी लिहून पाचवीला तिचं मन उडतं, आणि तिच्या डायरीत बाईंच्या लाल अक्षरात जवळजवळ रोज एकच शेरा असतो: अपूर्ण.

मी काय करत होतो? ओरडत होतो. उठाबशा काढायला लावत होतो. माझा पारा चटकन चढतो, हे माझ्या वर्गातल्या पोरांना माहीत आहे आणि घरीही माहीत आहे. दुसऱ्यांची चाळीस पोरं एका डोळ्याच्या धाकात ठेवणाऱ्या माणसाला स्वतःचं एक लेकरू आवरत नाही, याचा मला राग येत होता. त्याला मी राग म्हणत होतो. ती लाज होती.

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी वंदना असते. मी पुढच्या रांगेत बसतो, कारण मी गुरुजी. लोक आपली पोरं माझ्याकडे आणतात, 'गुरुजी, जरा अभ्यासाचं सांगा ह्याला,' म्हणतात, आणि मी सांगतो, भरपूर सांगतो. एका रविवारी पंचशील म्हणून झालं, सगळे डोळे मिटून शांत बसले, आणि माझी मुलगी उठली. पुढं जाऊन तिनं मेणबत्त्या मोजल्या. मग एक उचलून दुसरीवर पेटवायला गेली आणि टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर मेण सांडलं. कापड तेवढं खराब झालं, बाकी काही नाही. मी उठलो आणि सगळ्यांसमोर तिच्या कानाखाली दिली. पंचशील म्हणून पाच मिनिटं झाली नव्हती.

ती रडली नाही. गाल धरून म्हणाली, "आता अजून कितीक येळ बसायचं हाय?"

मागून एक म्हातारे म्हणाले, "लेकरू हाय गुरुजी, जाऊ द्या." मला वाईट वाटलं, पण मारल्याचं नाही. माझं लेकरू माझं ऐकत नाही हे शंभर माणसांनी पाहिलं, त्याचं वाटलं. तेव्हा जे वाटलं ते तसंच लिहितो आहे.

त्याच दुपारी बायकोनं विषय काढला. ती घरी ब्लाउज शिवते, आणि तिच्याकडे येणाऱ्या एका बाईच्या नातवाला असंच होतं. वसमतला एका खासगी दवाखान्यात महिन्यातून दोन बुधवारी लहान मुलांच्या मनाच्या डॉक्टर येतात, त्यांच्याकडे त्या मुलाचा इलाज चालू होता.

"आपल्या पोरीला काही वेड लागलं न्हाई," मी म्हणालो.

"वेड म्हणतंय कोण? तुमी मारून पाहिलं. म्या हातापाया पडून पाहिलं. आता इचारून पाहू."

हिंगोलीतल्या सरकारी दवाखान्यातही दाखवता आलं असतं. पण तिथं केसपेपरच्या रांगेत माझ्या वर्गातल्या पोरांचे आईबाप उभे असतात. गुरुजी, इकडं कसे? कोणाला दाखवायचं? पोरीला? काय झालं पोरीला? ही सगळी विचारपूस मला बसल्या जागी ऐकू आली. मुलीची जात, उद्या लग्नाच्या वेळी कोणी काय उकरून काढील, हेही मनात आलं. आठ वर्षांच्या पोरीचं लग्न. म्हणून वसमत. तिकडं मला कोणी ओळखत नाही.

बायकोकडे लग्नसराईची कामं होती, म्हणून पहिल्या बुधवारी मी एकटाच मुलीला घेऊन निघालो. रजेच्या अर्जावर कारण लिहिलं, 'शेतीचे काम'. बसमध्ये औंढ्यापर्यंत तिनं चार सीट बदलल्या. वसमतला हळदीच्या हंगामाचे दिवस होते. बाजारातून जाताना एका दुकानासमोरच्या ढिगात तिनं कोपरापर्यंत दोन्ही हात घातले, आणि दवाखान्यात शिरलो तेव्हा ती नवरीसारखी पिवळी होती.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंटचं नाव?"

माझ्या मागं एक माणूस उभा होता. तो मला ओळखीचा वाटला. नव्हता. पण तेवढ्यानं माझ्या तोंडातून भलतंच नाव निघालं. मुलीचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सलग, हजेरी घेतल्यासारखं. ठरवून नाही केलं. काउंटरवरच्या मुलीनं ते फाईलवर लिहिलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे नाव मी मनानं रचलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी ते खरोखर माझ्या हजेरीपटावर होतं.

"वडील काय करतात?"

"शेती."

मी मुलीला कोपऱ्यात नेऊन सांगितलं, "हे पाय, इथं तुला ह्या नावानं बोलवतील. आपला खेळ हाय. व्हय म्हणायचं."

"काहून?" तिनं विचारलं, आणि पाण्याच्या मशीनकडे पळाली.

तासाभरानं ते नाव पुकारलं गेलं. एकदा, दोनदा, तीनदा. ती उठली नाही. मीही उठलो नाही, कारण मलाही ते आमचं वाटलं नाही. शेवटी काउंटरवरची मुलगी जवळ येऊन म्हणाली, "काका, तुमचाच नंबर हाय ना?"

डॉक्टरबाई मधल्या वयाच्या होत्या. त्यांनी मुलीला बसवायचा प्रयत्नच केला नाही. खेळणी दिली, खोलीत फिरू दिलं, आणि मला एकेक विचारायला लागल्या. एका जागी किती वेळ बसते? वस्तू हरवते का? मध्येच बोलते का? आपली पाळी येईपर्यंत थांबता येतं का? हे कधीपासून? मी उत्तरं देत होतो. पण तिसऱ्या-चौथ्या प्रश्नापासून माझ्या डोळ्यांपुढं माझी मुलगी राहिली नाही. जिचं नाव मी दिलं होतं ती पोरगी उभी राहिली.

ती पोरगी तिसरीत माझ्याकडे होती. हीच सगळी लक्षणं. तिची पाटी कधी सापडायची नाही. मध्येच उठून दुसऱ्याचं उत्तर सांगायची, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायची. मी तिचं नाव वांड ठेवलं होतं. वर्षभर मी तिला उंबऱ्याच्या बाहेर बसवलं, नाहीतर झाडांना पाणी घालायला पाठवलं. बाई, तू झाडंच बघ, असं म्हणायचो आणि वर्ग हसायचा. त्या वर्षीच्या तक्त्यातही मी निरंक लिहिलं होतं. आणि आता डॉक्टरांसमोर, खोडकर लेकरू म्हटल्यावर पहिलं तिचंच नाव माझ्या जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात डॉक्टरांनी मुलीला पाठीमागून हाक मारली. त्याच नावानं. आधी हळू, मग मोठ्यानं. मुलगी ठोकळे रचत राहिली. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला कळलं त्या काय लिहीत आहेत. हाकेला ओ देत नाही. त्या वेळी मी एक वाक्य बोललो असतो तर भागलं असतं. मी समोरच्या भिंतीवरचं उंची मोजायचा जिराफ बघत बसलो.

"आधी कान तपासून घेऊ," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हे दोन फॉर्म. एक आईबापांनी भरायचा, एक वर्गशिक्षकांनी. शाळेतल्याच बाईंकडून भरून आणा."

कानाच्या तपासणीला नांदेडला जावं लागलं. आणखी एक रजा, आणखी एकदा शेतीचे काम. आवाज आला की हात वर करायचा होता. माझी मुलगी दोन्ही हात वर करायची, कधीकधी आवाजाच्या आधीच. तीनदा करावं लागलं. मशीनवरचा माणूस म्हणाला, "साहेब, कान एकदम बराबर हायेत. भिंतीपलीकडचंबी ऐकून राहिली ही." मी मान डोलावली. माझ्या एका खोट्यापायी त्या लेकरानं तासभर बंद खोलीत कानाला डबडी लावून बसण्याची शिक्षा भोगली होती. बसणं हेच तर तिला जमत नव्हतं.

राहिला बाईंचा फॉर्म. तो शाळेत नेला तर शाळेला कळणार, आणि वर नाव दुसरंच. मग मी तेच केलं जे आमच्या खात्यात अडल्यानडल्याला सगळे करतात: माहिती स्वतःच भरून टाकली. शिक्षक मीही आहे, ही मनाची समजूत. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं. आणि हात डावा असला तरी सवय जुनीच. वर्गात उठते का? क्वचित. वस्तू हरवते का? क्वचित. इतरांना त्रास देते का? नाही. शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'वर्तन समाधानकारक'.

बायकोनं आपला फॉर्म प्रामाणिकपणे भरला होता. प्रत्येक प्रश्न दोनदा वाचून, मधेच शिलाई थांबवून. दोन्ही फॉर्म फाईलला लावायला घेतले तेव्हा तिनं माझा वाचला, आणि मग फाईलवरचं नाव वाचलं.

"हे कोणाचं नाव हाय?"

मी सांगितलं.

"शाळेचा तक्ता भरावा तसं भरलं तुमी लेकराला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तिनं आरडाओरडा केला असता तर मीही केला असता. "डॉक्टरीण हे वाचून काय इलाज करंल? तुमी सांगता का म्या सांगू?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

पुढच्या खेपेला तिघं गेलो. मी सांगितलं नाही. काउंटरवर नाही, बाकावर नाही, आत गेल्यावर नाही. बायको दर थोड्या वेळानं माझ्याकडे बघत होती, आणि मी आत्ता सांगतो, आत्ता सांगतो असं मनात म्हणत होतो.

डॉक्टरांनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. "आई म्हणते घरी खूप त्रास आहे. शाळा म्हणते काहीच नाही. मला वाटतोय तो एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलपणाचा आजार असेल, तर तो दोन्हीकडे दिसायला पाहिजे. शाळेत ही इतकी शांत असेल, तर मला घराकडे बघावं लागेल." मग त्यांनी विचारलं, "घरी मारता का हिला?"

बायकोनं मान खाली घातली. तिनं कधी बोटही लावलं नव्हतं, तरी मान तिनं घातली. मी जिराफाकडे बघत होतो.

मुलगी वजनकाट्यावर चढून काटा हलवत होती. तिथूनच म्हणाली, "ते आमच्या मॅडमनी न्हाई लिवलं. पप्पांनी लिवलं. डाव्या हातानं."

सगळे तिच्याकडे बघायला लागले, म्हणून तिला वाटलं अजून सांगावं. "अन् हे माझं नाव न्हाई. अन् पप्पा गुरुजी हायेत, शेती तर आमच्याकडं न्हाईच."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं आता हाकलून देतात. मी तरी असं पोरगं वर्गात सापडलं असतं तर हाकललं असतं.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "मुलीचं नाव काय?"

मी सांगितलं. इतकं हळू की त्यांना पुन्हा विचारावं लागलं. माझ्या लेकीचं नाव, जे मी तिच्या जन्माच्या आधी तीन महिने शोधत होतो, ते मला मोठ्यानं घेता येईना. डॉक्टरांनी मुलीकडे न बघता, नेहमीच्या आवाजात ते नाव घेतलं. ती गर्रकन वळली. "काय?"

"मोठ्यांच्या बोलण्यात मध्येच तोंड घालणं," डॉक्टर फाईलवरचं जुनं नाव एका रेघेनं खोडता खोडता म्हणाल्या, "हेही ह्यातलंच एक लक्षण आहे. आज उपयोगी पडलं." मग बायकोला म्हणाल्या, "हे आईबापाच्या चुकीनं होत नाही, हे आधी ध्यानात ठेवा." बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आलं नाही. ते वाक्य निम्मंच माझ्यासाठी होतं, हे मला कळत होतं.

खरा फॉर्म शाळेत नेला. वर्गशिक्षिका मॅडम वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत. त्या म्हणाल्या, "सर, दिवाळीपासून तुम्हाला हेच सुचवणार होते. पण तुम्ही स्वतः शिक्षक. म्हटलं, तुम्हाला काय सांगायचं?" त्यांनी दहा मिनिटांत फॉर्म भरला, आणि एकही रकाना खोटा भरला नाही.

इलाज सुरू झाला. सकाळी पोटात काही गेल्यावर एक गोळी. भूक जराशी कमी झाली, म्हणून दर खेपेला वजन. बाकीचा इलाज आमचा होता. एका वेळी एकच काम सांगायचं. सांगताना तिच्या डोळ्यांकडे बघायचं. वर्गात पहिल्या बाकावर जागा. दहा मिनिटं अभ्यास, मग दोन फेऱ्या पळणं, मग पुन्हा दहा मिनिटं. हात उचलायचा नाही. जादू झालेली नाही. बूट अजून हरवतो. पण गेल्या महिन्यात एका दिवशी डायरीत 'अपूर्ण' नव्हतं, आणि बायकोनं ते पान शेजारणीलाही दाखवलं. मी आडोशाला उभा राहून ऐकत होतो. इलाज कुठं चालू आहे, कशाचा, सगळं तिनं सांगून टाकलं. शेजारीण म्हणाली, "बरं केलं बाई." आभाळ कोसळलं नाही.

इथंच संपवावं असं मला फार वाटतं.

पाचव्या खेपेहून मी आणि मुलगी परत येत होतो. ती खिडकीशी बसली होती, औंढ्यापर्यंत त्याच सीटवर. फाईल तिच्या मांडीवर. खोडलेलं नाव रेघेखालून अजून वाचता येतं, आणि तिनं ते मोठ्यानं वाचलं.

"पप्पा, ही कोण हाय?"

"माझ्या वर्गात होती. तू लहान होतीस तवा."

"ती बी माझ्यावाणीच व्हती?"

"व्हय."

"तिला तुमी दवाखान्यात नेलं व्हतं?"

"न्हाई."

"मग काय केलं?"

"बाहेर बसवलं."

"आता कुठं हाय ती?"

"साखऱ्याला, मामाकडं. शाळा सोडली तिनं."

"काहून?"

मी वाट बघितली. ह्या पोरीची मला इतकी सवय आहे. प्रश्न विचारला की ती निघून जाते, खिडकीत, दुसऱ्या सीटवर, कुठंतरी. मला वाटलं आताही जाईल आणि मी सुटेन. पण ती गेली नाही. गोळीमुळं असेल, वय वाढलं म्हणून असेल. ती माझ्या तोंडाकडे बघत बसून राहिली.

"माझ्यापायी," मी म्हणालो.

तिनं थोडा विचार केला. ती रागावली नाही. फाईलवरून बोट फिरवत म्हणाली, "मंग पुढच्या बुधवारी तिलाबी घेऊन येऊ की. फाईल तर काढेलच हाय तिची."

मी व्हय म्हणालो. त्यानंतर दवाखान्याचे चार बुधवार होऊन गेले. माझ्या शाळेपासून साखरा काही लांब नाही. दर खेपेला बसमध्ये चढताना मुलगी आधी माझ्या मागून कोणी येतंय का ते बघते, आणि मग काही न विचारता खिडकीशी जाऊन बसते.